चोरबटण बसवतेयस, तर ऐक

गाडी घेतलीस, छान केलंस. सेकंडहँड असली म्हणून काय झालं, स्वतःच्या पगारातून घेतलीस. आता काल फोनवर विचारलंस त्याचं उत्तर देते. बिल्डिंगला पार्किंग नाही, गाडी रात्रभर रस्त्यावर उभी, आणि कुणीतरी सांगितलं की फ्यूल पंपाला एक चोरबटण बसवून घ्या, म्हणजे चावी असली तरी गाडी हलणार नाही. बसवू का, म्हणालीस. बसव. पण ज्या घाईनं विचारत होतीस त्या घाईनं नको. तुझ्या भावोजींच्या गाडी-वायरिंगच्या दुकानात काउंटरवर बसून मी बरंच पाहिलंय. या बटणानं चोराला हात हलवत परत पाठवलेलं पाहिलंय, आणि मालकाला भर पावसात रस्त्याकडेला उभं केलेलंही पाहिलंय. खरं सांगू? दुसरं जास्त.

मोहोपाड्याचं तुला नव्यानं काय सांगायचं. एचओसी, म्हणजे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, जोरात होती तेव्हा गाडी कुठं लावायची हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता; सायकल नाहीतर स्कूटर, ती जिन्याखाली. २०१७ मध्ये केंद्रानं इथला कारखाना बंद करायचं ठरवलं, रॉकेटला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लांट तेवढा इस्रोकडे द्यायचं ठरलं. पण पाताळगंगा एमआयडीसी आहेच, तीन शिफ्ट आहेत, बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि गाड्या रस्त्यावर आल्या. रात्रपाळीच्या गर्दीत कोण कुणाच्या गाडीत बसतंय हे कोण बघतं? शिवाय इथून निसटायला वाटही सोपी. दांड फाट्यावर पोचला की एका हाताला पनवेल, दुसऱ्या हाताला खोपोली. म्हणून चोराला गाडीपाशीच अडकवायला हवं. एकदा का फाटा ओलांडला, की शोधणं सगळं नशिबावर.

आता हे बटण करतं काय ते समजून घे. नाहीतर वायरिंगवाला काहीतरी सांगेल आणि तू मान डोलावशील. तुझ्या गाडीचा पेट्रोल पंप टाकीत आहे, विजेवर चालतो. उद्या एक कर. मागच्या सीटवर बस, खिडक्या बंद कर आणि कुणाला तरी चावी फक्त ऑनपर्यंत फिरवायला सांग, सेल्फ मारायचा नाही. सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येईल आणि थांबेल. तो पंप लाइनमध्ये दाब भरतोय. इंजिन सुरू झालं की गाडीचा कॉम्प्युटर त्याला पुन्हा चालू करतो आणि इंजिन फिरतंय तोवर चालू ठेवतो. या पंपाची वीज मधेच तोडली की काम झालं. सेल्फ फिरतो, लाइट लागतात, हॉर्न वाजतो, सगळं ठीक दिसतं, आणि गाडी काही सुरू होत नाही.

किंवा सुरू होते आणि लगेच मरते. लाइनमध्ये दाब उरलेला असतो, त्यावर इंजिन काही सेकंद चालतं. याला घाबरू नकोस, मला तर हेच जास्त आवडतं. चोर जागेवरून गाडी काढतो, चार घरं पुढं जातो, आणि गाडी आचके देऊन बंद. आता तो रस्त्याच्या मधोमध आहे, सेल्फ मारून मारून आवाज करतोय, कुत्री भुंकायला लागलीत. त्याला काय कळणार बटण आहे की पेट्रोल संपलंय? त्याच्याकडे वेळ नसतो, आणि हे बटण त्याचा नेमका वेळच खातं. निवांत दिवसभर मिळाला तर कुठलाही बरा मेकॅनिक हे बटण शोधून काढेल. पण रात्री अडीचला, अंधारात, मोबाइलच्या उजेडात कोण शोधत बसतो?

‘माझ्या चावीत चिप आहे की,’ म्हणशील. असेल. मारुतीवाले त्याला आयकॅट्स म्हणतात, आणि साध्या तारा जोडून गाडी पळवणाऱ्याला ते पुरेसं आहे. पण सराईत चोर आता तारा जोडत नाहीत. स्टिअरिंगखाली सर्व्हिसवाले मशीन लावतात ना, त्याच सॉकेटात आपलं यंत्र लावून ते नवी चावीच गाडीला ओळखायला लावतात. त्या यंत्राला तुझं बटण दिसत नाही, कारण ते गाडीच्या कॉम्प्युटरला माहीतच नसतं. म्हणून नव्या गाडीतही या जुन्या युक्तीचा उपयोग होतो.

आता माझं मुख्य सांगणं. गाडी चोरीला गेली तर विमा आहे, रडू, भांडू, दुसरी घेऊ. पण एक्सप्रेसवेच्या उतारावर, मागे कंटेनर असताना, कच्च्या जोडानं पंप बंद पडला तर? इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला साठलेल्या व्हॅक्यूमवर दोनतीन वेळाच नीट साथ मिळते, मग पाय कितीही दाब, लाकडावर दाबल्यासारखं लागतं. कधी तशी वेळ आलीच तर ब्रेक पंप करू नकोस, एकदाच दाबून धर, चारी इंडिकेटर लाव आणि डावीकडे घे. पण वेळ यायलाच नको, म्हणून बटण बसवताना एकच गोष्ट डोक्यात ठेव: काही तुटलं, सुटलं, जळलं तरी गाडी चालू राहिली पाहिजे.

बहुतेक वायरिंगवाले उलटं करतात. पंपाची वायर कापतात, दोन्ही टोकं लांबवून डॅशबोर्डपर्यंत आणतात आणि मधे एक बटण ठोकतात. पंपाचा पाचसहा अँपिअर करंट त्या एवढ्याशा बटणातून आणि लांबलचक वायरीतून दिवसभर वाहतो. बटण गरम होतं, आतले पॉइंट काळे पडतात, आणि एक दिवस खड्ड्यात चाक आदळलं की पंप बंद. त्यात कुणी घरातलं लाइटचं बटण लावलेलं असतं! ते घरच्या विजेसाठी बनवलेलं, बॅटरीच्या डीसी करंटला तोडताना त्यात जी ठिणगी पडते ती त्याला सोसत नाही.

तू रिले मागून घे, पाच पायांचा. त्याच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए. पंपाच्या कापलेल्या वायरीचं एक टोक ३० ला, दुसरं ८७ए ला. हे दोन पाय रिले झोपलेला असताना आतून जोडलेले असतात, म्हणजे काहीही न करता पंपाला वीज मिळत राहते. रिले जागा झाला तरच ती वाट तुटते. त्याला जागं करायला ८५ ला अर्थ आणि ८६ ला चावीच्या लाइनवरून, छोट्या फ्यूजमधून आणि तुझ्या चोरबटणातून आलेली वीज. बटण दाबलेलं असलं आणि चावी ऑन झाली तर रिले जागा होतो आणि पंप तुटतो. बटण सोडलेलं असलं तर रिले झोपलेलाच. बटणाची वायर उंदरानं कुरतडली, फ्यूज उडाला, बटण गंजलं, तरी गाडी चालूच राहणार. आणि चावी काढलेली असताना रिलेला वीजच नाही, म्हणजे रात्रभर बॅटरी उतरायचाही प्रश्न नाही. बटणातून जातो तो रिलेच्या कॉइलपुरता, अर्ध्या अँपिअरच्याही बराच खाली, त्यामुळे बारीक वायर आणि बारीक बटण चालतं. आणि बटण जेवढं बारीक तेवढं लपवायला बरं.

दोन गोष्टींवर वायरिंगवाल्याशी वाद झाला तरी मागे हटू नकोस. पहिली, चावीची लाइन घेताना ती अॅक्सेसरीची, म्हणजे टेपरेकॉर्डरची, नको. सेल्फ मारताना ती लाइन तुटते, रिले झोपतो आणि पंपाला तेवढा वेळ वीज मिळते. इग्निशनची लाइन घ्यायला सांग. दुसरी जास्त महत्त्वाची. बटण पंपाची वीज तोडणारं असावं, पंपाला वीज देणारं कधीच नसावं. काहीजण शहाणपणा करून पंपाला बॅटरीवरून थेट वायर टाकतात आणि बटणानं चालूबंद करतात. कंपनीनं अशी सोय केलेली असते की इंजिन थांबलं की कॉम्प्युटर पंप बंद करतो. थेट वायर टाकली की ती सोय गेली. अपघात झाला, पाइप फुटला, इंजिन बंद, आणि पंप बाहेर पेट्रोल ओततोय. ‘काही होत नाही मॅडम’ म्हणाला तर उठून ये.

वायर कुठली कापायची हेही तो नुसत्या रंगावरून ठरवत असेल तर थांबव. टाकीकडे जाणाऱ्या कपलरमध्ये पंपाच्या वायरी जाड आणि पेट्रोल काट्याच्या बारीक असतात. मल्टीमीटर लावायचा, चावी ऑन करायची: ज्या वायरीवर दोनेक सेकंद बारा व्होल्ट येऊन जातात, ती पंपाची. बारीक कापली तर पंप चालू राहील आणि काटा तेवढा भलतंच दाखवेल. टाकीचं झाकण उघडायची मुळीच गरज नाही. बऱ्याच गाड्यांत ही वायर दाराच्या उंबऱ्याखालच्या प्लॅस्टिक पट्टीतून मागे जाते, तिथंच काम होतं, पेट्रोलच्या वाफेपासून दूर. वायर सापडली की कापायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, हे सांगायला लागलं तर तो वायरिंगवालाच नव्हे. पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हातसुद्धा लावू द्यायचा नाही.

आणि जोड! आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे, जून ते सप्टेंबर गाडीतलं पायपुसणं वाळत नाही. वायरीची टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळली की उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून चिकट लगदा होतो आणि पावसात आत हिरवं साचतं. जोड थिंबल लावून क्रिंपिंगच्या पक्कडीनं दाबलेला हवा, किंवा झाळलेला, आणि वरून हिट-श्रिंकची नळी गरम करून घट्ट बसवलेली. रिले केबिनच्या आतच, स्क्रूनं पक्का, पाय खाली करून, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. सगळं झालं की प्रत्येक जोड तू स्वतः हातानं ओढून बघ. सुटला तर तिथंच सुटू दे. मग बटण सोडून आणि इंजिन चालू ठेवून त्या वायरी हलव, इंजिनानं हूं की चूं करता कामा नये. पहिले काही दिवस गाडी मोरब्याच्या बाजूला किंवा चौकपर्यंतच ने, लगेच घाटात काढू नकोस.

तुझी गाडी पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालते, हे त्या सल्ला देणाऱ्याच्या लक्षातच आलं नसेल. पेट्रोल पंप तोडला आणि गाडी गॅसवर सुरू झाली तर बटण शोभेचं. काही गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, काही थेट गॅसवर. तुझी कशी आहे ते बघून घे, आणि थेट गॅसवर सुरू होणारी असली तर त्याच बटणावर दुसरा रिले लाव, गॅसच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची वीज तोडणारा. तो मात्र सीएनजी किटच्या अधिकृत फिटरकडूनच. वायरीपुरतंच काम, पाइप, व्हॉल्व्ह, सिलिंडर यांना कुणीही हात लावायचा नाही. सासऱ्यांच्या जुन्या डिझेल टेम्पोचं विचारत होतीस, त्याचं अगदीच सोपं: इंजेक्शन पंपावर एक सोलेनॉइड असतो, त्याची वीज गेली की डिझेल बंद. नव्या डिझेलचं गाडीगणिक वेगळं, तिथं आधी डायग्राम बघायचा. दिराच्या जुन्या कार्ब्युरेटरच्या बाइकला पंपच नाही, पेट्रोल आपोआप उतरतं. त्याला सांग, कॉक बंद कर आणि चाकाला डिस्क लॉक लाव, पैसे वाचव.

बटण कुठं लपवायचं? ते मी लिहिणार नाही आणि तूही मला सांगू नकोस. स्टिअरिंगखाली, ग्लोव्ह बॉक्समध्ये, सीटखाली नको एवढंच सांगते, सगळे तिथंच बसवतात आणि सगळे तिथंच शोधतात. सीटबेल्ट लावून बसल्यावर न वाकता हात पोचेल अशी जागा हवी, पण चालवताना गुडघा, पर्स किंवा मागच्या पोराचा पाय लागेल अशी नको. बेसिक मॉडेलमध्ये डॅशबोर्डवर रिकाम्या बटणांची ओळ असते, त्यातलंच एक जिवंत केलं तरी कुणाला संशय येत नाही. चोरासमोर असूनही त्याला दिसत नाही. सवय लाव: हँडब्रेक, बटण, मग चावी. हे आपोआप लागत नाही, विसरलीस की त्या रात्री गाडी उघडीच.

गुपित राखायला सांगते, पण फाजील नको. नवऱ्याला माहीत हवं, आणि घरात अजून एकाला. रात्री सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तू शिफ्टला, आणि गाडी सुरूच होईना, असं नको. सर्व्हिसला देताना बटण सोडून दे आणि तोंड बंद ठेव. भिशीत, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर, सोसायटीच्या ग्रुपवर ‘आम्ही ना बटण बसवलंय’ हे चालणार नाही. तू बोलतेस गं, मला माहीत आहे. वायरिंगवाला दुसऱ्या गावचा असला तर अजून बरं. आमच्याकडे बसव म्हणत नाही मी. यांना राग येईल, पण घरच्या माणसानं बसवलेलं बटण सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं.

या बटणानं काय होणार नाही तेही ऐकून ठेव. टोइंगवर उचलून नेली तर पंप असो नसो सारखंच. स्टेपनी, बॅटरी, आरसे वाचणार नाहीत. ईकोवाल्यांना विचार, मधल्या काळात महाराष्ट्रभर ईकोचे सायलेन्सरच कापून नेत होते, आतल्या महागड्या धातूसाठी; गाडी जागेवर आणि सायलेन्सर गायब. त्यामुळे उजेडाखाली लाव, चाकं फुटपाथकडे वळवून स्टिअरिंग लॉक कर, जमलं तर जीपीएसही बसव. जीपीएससोबत मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय देतात, ती चालत्या गाडीवर वापरायची नाही. चोर असला तरी समोरून येणारी रिक्षा कुणाची तरी असते.

आता कागद. थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. जुन्या मालकाचा कुठला आहे बघ, आणि पॉलिसी तुझ्या नावावर झालीय का तेही. एआरएआयची मान्यता असलेलं चोरीविरोधी यंत्र असेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट असते. आपल्या हातच्या बटणाला ती मिळत नाही. कामाचं बिल मात्र घेऊन ठेव.

कधी जागेवर गाडी दिसली नाहीच, तर आधी ११२ आणि मग रसायनी पोलीस ठाणे. ‘उद्या बघू, कुणी मित्रानं नेली असेल’ नको. चोरीची गाडी दुसऱ्या गुन्ह्यात सापडली तर पहिला प्रश्न मालकाला. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे. फिर्याद ऑनलाइन दिली तरी चालते, तीन दिवसांत सही करायला जायचं. फास्टॅग लगेच बंद करू नकोस. खालापूर टोलचा मेसेज आला तर गाडी कुठल्या दिशेला गेली ते कळतं, तो तसाच पोलिसांना दाखव. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळव. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात सांगितलंय की पोलिसांत वेळेवर फिर्याद दिलेली असेल, तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही. पण कोर्टापर्यंत कशाला जायचं?

आणि विम्यासाठी दोन्ही मूळ चाव्या मागतात. एकच दिली की दुसरी कुठं गेली, गाडीत राहिली होती का, इथून सुरुवात. तुला गाडी देताना त्या माणसानं एकच दिलीय, हे मी फोटोत पाहिलं. त्याला आजच फोन कर.